पुन्हा मैदानावर जाण्यापूर्वी आई-बाबांना पत्र

त्रिमूर्तीनगर, नागपूर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

डिसेंबरपासून मी पुन्हा व्हॉलीबॉल खेळायला सुरुवात करणार आहे. फोनवर हा विषय काढला की आईचा आवाज भरून येतो, बाबा ‘बरं, बघू’ म्हणून फोन तिच्या हातात देतात आणि माझे बोलणे अर्धेच राहते, म्हणून सगळे सविस्तर लिहून कळवते आहे. निर्णय झालेला आहे, हे लपवत नाही. मात्र तो हट्टाने घेतलेला नाही, एवढे तरी हे पत्र वाचून तुम्हाला पटावे.

आई, तुझे म्हणणे असे की एवढे महिने झाले म्हणजे खांदा बरा झाला असे समजू नये. डॉक्टरांचे म्हणणेही नेमके हेच आहे. खांद्याचा सांधा उथळ बशीत ठेवलेल्या लाडवासारखा असतो. बशीच्या कडेला असलेली कूर्चा आणि भोवतालचे स्नायू त्याला जागेवर धरून ठेवतात. माझी ती कूर्चा पुढच्या बाजूने फाटली होती, म्हणून खांदा वारंवार निखळत होता. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेत ती बारीक अँकरने हाडाला पुन्हा बांधली. तो भाग हाडाशी नीट जुळून यायला साधारण १२ आठवडे लागतात. त्यामुळे पहिले ४ ते ६ आठवडे हात स्लिंगमध्ये, मग हळूहळू हालचाल, आणि ताकदीचे व्यायाम साधारण ३ महिन्यांनंतर. हात डोक्यावर नेऊन मारण्याचे खेळ किमान ६ महिन्यांनी, आणि पुष्कळदा त्याहूनही उशिरा. माझी शस्त्रक्रिया होळीनंतर झाली आणि आता दिवाळीही सरली.

तो उन्हाळा तुम्ही दोघांनी इथे राहून काढला, हे मी विसरलेले नाही. कूलरसमोर बसूनही काखेत घामोळे यायचे आणि स्लिंग काढायची सोय नव्हती. आई, तू रोज माझी वेणी घालायचीस, तीही शाळेत असताना घालायचीस तेवढीच घट्ट. खरे सांगते, त्या वेणीसाठी खांदा आणखी थोडा रेंगाळला असता तरी मला चालले असते. बाबा, मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर बोटे वर वर सरकवायची आणि तुम्ही बोट पोहोचेल तिथे पेन्सिलने रेघ मारून शेजारी बारीक अक्षरात तारीख लिहायचा. दिवाळीआधी घराला रंग दिला तेव्हा निखिलने रंगाऱ्याला भिंतीची तेवढी पट्टी सोडायला लावली.

बाबा, २००६ च्या मार्चमध्ये सचिनच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरमध्ये क्वालालंपूरला वेस्ट इंडीजविरुद्ध त्याने नाबाद १४१ धावा केल्या, हे तुम्हाला मी सांगायला नको. श्रेयस अय्यरचा खांदा मार्च २०२१ मध्ये पुण्यातल्या सामन्यात क्षेत्ररक्षण करताना दुखावला, एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरमध्ये तो आयपीएलमध्ये खेळत होता. अर्थात त्यांच्या दिमतीला संघाचे फिजिओ असतात आणि मला नोकरी, पोळ्या आणि ईशानचा अभ्यास यांतून जेमतेम अर्धा तास मिळतो, म्हणूनच मी त्यांच्याहून जास्त वेळ घेतला आहे.

शिवाय डॉक्टरांनी नुसती तारीख पाहून परवानगी दिलेली नाही. मला आडवे झोपवून त्यांनी माझा हात बाजूला उचलला, कोपरातून वाकवून मागे नेला, म्हणजे अगदी स्मॅश मारण्याच्या स्थितीत आणला, आणि त्या वेळी ते खांद्याकडे न पाहता माझ्या चेहऱ्याकडे पाहत होते. खांदा निसटेल अशी भीती चेहऱ्यावर उमटली असती, तर परवानगी मिळाली नसती. ती उमटली नाही. फिजिओथेरपिस्ट मॅडमनी दोन्ही हातांची ताकद उपकरणाने मोजली; शस्त्रक्रिया झालेल्या हाताची ताकद चांगल्या हाताच्या निदान ९० टक्के असावी असा त्यांचा आग्रह होता, आणि ती तेवढी भरली.

तरीही खांदा पुन्हा निखळण्याची शक्यता शून्य होत नाही, हे तुमच्यापासून लपवणार नाही. मात्र ती अगदी तरुण मुलांत आणि कबड्डी-कुस्तीसारख्या अंगाला अंग भिडणाऱ्या खेळांत जास्त असते. माझी पस्तिशी उलटली आहे, हे वय निदान एका ठिकाणी तरी उपयोगी पडले.

आता मी कशी खेळणार तेही ऐका. सुरुवातीला फक्त खालून चेंडू उचलणे आणि दोन्ही हातांनी पास देणे. मग जमिनीवर उभे राहून अर्ध्या जोराने मोजकेच फटके, आणि दुसऱ्या दिवशी विश्रांती. रात्री खांदा ठणकला किंवा सकाळपर्यंत दुखणे राहिले, तर एक पायरी मागे यायचे. उडी मारून स्मॅश सगळ्यात शेवटी. नेटवर ब्लॉकला मी या हंगामात उभीच राहणार नाही, कारण वर ताणलेल्या हातावर चेंडू आदळून हात मागे फेकला जातो आणि तेच मला नको आहे. थंडीत सकाळी अंग लवकर मोकळे होत नाही, म्हणून संध्याकाळीच खेळणार आहे. मैदानात चेंडूसाठी सूर मारायचा नाही, हे निखिलने माझ्याकडून वदवून घेतले आहे. आई, तुझा जावई या बाबतीत पूर्णपणे तुझ्या बाजूचा आहे.

घरच्या कामांची काळजी करू नका. पोळ्या आता मीच लाटते, पाण्याच्या बादल्या निखिल उचलतो. मेन स्टँडवर गाडी लावण्याचा जोर अजून नको, म्हणून ऑफिसला सुभाषनगरहून सीताबर्डीपर्यंत मेट्रोने जाते. रात्री उजव्या कुशीवर झोप लागते, हे ऐकून तुला सगळ्यात जास्त बरे वाटेल.

आता माझे ऐका. बाबा, शर्ट घालताना तुम्ही आधी डावा हात बाहीत सरकवता आणि मग उजव्या हाताने उरलेला शर्ट ओढून घेता, हे मी दिवाळीत पाहिले आहे. मधुमेह असलेल्यांचा खांदा आखडण्याची शक्यता जास्त असते, आणि तो जितका कमी हलवाल तितका आणखी आखडत जातो. तेव्हा तीन महिन्यांच्या साखरेची तपासणी या आठवड्यात आर्वीतच करून घ्या, रिपोर्ट फोनवर पाठवा आणि पुढच्या शनिवारच्या बसने दोघेही या. इथे डॉक्टरांची वेळ मी घेऊन ठेवली आहे. ‘वयामुळे होतं’ हे कारण चालणार नाही. आई, माळ्यावरचे डबे स्टुलावर चढून काढू नकोस, आणि बाबा नाही म्हणाले तरी त्यांची फाइल पिशवीत घालून आण.

तुमची,
मनू