चौकोनातला शब्द पाठ होतो पण वापरता येत नाही

संपादक महोदय, नमस्कार

तुमच्या पेपरात रोज तो छोटा चौकोन येतो ना, एक अवघड इंग्रजी शब्द आणि खाली एका ओळीत मराठी अर्थ, त्याबद्दल लिहायचं होतं. आधीच सांगते, मी चौकोनाची फॅन आहे, दोन वर्षं रोज कापून वहीत चिकटवतेय, दुसरी वही संपत आली. म्हणून बोलायचा थोडा हक्क आहे असं समजते.

झालं असं की आमच्या ऑफिसातले एक सीनियर रिटायर होत होते आणि निरोपाचा मेल लिहायचं काम माझ्याकडे आलं. वहीत शब्द होता 'फुल्सम', अर्थ 'भरपूर, ओसंडून वाहणारे'. मी खुशीत लिहिलं की सर फुल्सम प्रेझला पात्र आहेत, म्हणजे माझ्या डोक्यात 'तोंडभरून कौतुक'. सरांचं इंग्रजी पक्कं, त्यांचा हसत रिप्लाय आला की बाई, जाता जाता एवढं लोणी लावायची गरज नव्हती. मग नीट डिक्शनरी काढून बघितली तर तिथे काय, वाजवीपेक्षा जास्त, खोटी वाटेल अशी स्तुती! बरं तुमचा चौकोन अगदीच चुकला होता असंही नाही, शब्दाचा जुना अर्थ भरपूर असाच आहे आणि आजही काही लोक तो चांगल्या अर्थाने वापरतात, पण बऱ्याच जणांना आज त्यात खुशामतीचाच वास येतो. आता हे एका ओळीच्या अर्थात बसणार कसं?

आपल्याच भाषेत बघा ना. मराठी शिकणाऱ्या कोणाला 'दीडशहाणा'चा अर्थ 'खूप हुशार' असा लिहून दिला आणि त्याने साहेबांना जाऊन तसं म्हटलं तर? पाऊस धो धो पडतो, वारा सोसाट्याचा सुटतो, उलट करून बघा, वारा धो धो सुटला असं कोणी म्हणेल का. इंग्रजीतही तेच, रेन असेल तर हेवी, विंड असेल तर स्ट्राँग, आणि स्ट्राँग रेन म्हटलं की समोरच्याला अर्थ कळतो पण कानाला खटकतं. जे. आर. फर्थ नावाचे इंग्रज भाषातज्ज्ञ १९५७ मध्येच सांगून गेलेत की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. आणि आपण संगत सोडून शब्द एकटाच चौकोनात बसवतो, वर त्याला चौकट पण मारतो.

आस्क, क्वेश्चन आणि इंटरॉगेट, माझ्या वहीत यातल्या शेवटच्या दोघांसमोर 'विचारणे' एवढंच आहे. आस्क मूळचा इंग्रजीतलाच, क्वेश्चन फ्रेंचमधून आलेला (१०६६ नंतर इंग्लंडवर फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मन लोकांचं राज्य आलं आणि तसले शब्द लोंढ्याने घुसले) आणि इंटरॉगेट थेट लॅटिनच्या घराण्यातला. पण वाट विचारताना कोणी इंटरॉगेट करत नाही, ते पोलिसांचं काम. शब्द घरात बोलायचा, ऑफिसात लिहायचा की कोर्टात, हे कुठेतरी सांगाल की नाही.

आणि शब्द निवडतं कोण हो? गेल्या महिन्यात 'सेस्क्विपिडेलियन' आला होता, अर्थ लांबलचक शब्द वापरणारा. मजा आली, नवऱ्याला दोनदा म्हणून दाखवला, पण तो परत कुठे वाचायला मिळणार? त्यापेक्षा ॲव्हरिल कॉक्सहेड या भाषा-संशोधक बाईंनी २००० साली शैक्षणिक लिखाणातल्या शब्दांची एक यादी काढलीये, फक्त ५७० शब्दकुटुंबं (म्हणजे एक मूळ शब्द आणि त्याची सगळी रूपं), पण अभ्यासाच्या पुस्तकांतले शंभरातले साधारण दहा शब्द त्यातलेच असतात. इम्प्लाय आणि इन्फर दोन्ही त्यात आहेत, बोलणारा इम्प्लाय करतो म्हणजे न बोलता सुचवतो आणि ऐकणारा इन्फर करतो म्हणजे त्यावरून ताडतो, यात भले भले गडबडतात. असे शब्द द्या की!

शिवाय एक शब्द एकदाच, मग गायब. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बिनअर्थाची अक्षरं स्वतःच पाठ करून बघितली होती, १८८५ ला छापलंय त्याने, तासाभरातच निम्म्याहून जास्त घसरतं आणि मग घसरण मंद होत जाते. पुढे १९७० च्या दशकात लाइटनर नावाच्या पत्रकाराने कार्डांच्या डब्यांची युक्ती काढली, आठवलेलं कार्ड पुढच्या डब्यात, ते उशिरा बघायचं, विसरलेलं परत पहिल्या डब्यात. मी हे वहीवर करून बघितलं, अर्थ हाताने झाकायचा आणि आठवायचा, नुसतं वाचून मान हलवायची नाही. पहिल्या दिवशी वीसातले चार आले. चार! दोन वर्षं चिकटवून!!

हिशोबही करून बघितला. पॉल नेशन या भाषातज्ज्ञांच्या अभ्यासानुसार इंग्रजी पुस्तक किंवा पेपर फारसं न अडखळता वाचायचं म्हणजे शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत आणि त्याला ८ ते ९ हजार शब्दकुटुंबं लागतात. रोज एक या वेगाने शून्यापासून निघालं तर बावीस ते पंचवीस वर्षं. म्हणजे खरं काम आवडीचं काहीतरी वाचत राहूनच होणार, चौकोनाने फक्त हात द्यायचा. परीक्षावाल्यांनाही हे कळलं असावं, जीआरईत (परदेशी पुढच्या शिक्षणासाठी देतात ती परीक्षा) पूर्वी सुट्या शब्दाचा विरुद्धार्थी विचारायचे, २०११ पासून ते बंद, आता वाक्य वाचून गाळलेली जागा भरायची.

तर मागणी एवढीच, जागा वाढवता येत नसेल तर आठवड्यात सातऐवजी तीन शब्द द्या पण प्रत्येकाबरोबर दोन खरी वाक्यं, नेहमीची जोडी आणि कुठे वापरू नये ते द्या. उरलेल्या दिवशी जुने शब्द परत आणा, तीन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने, अर्थ उलटा छापा म्हणजे आधी डोकं खाजवावं लागेल. आणि सुरुवात फुल्समपासूनच करा, वहीतलं ते पान मी मोकळं करून ठेवलंय.

तुमची एक रोजची वाचक