आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : सपाट पावलाची तपासणी तालुक्यातच करा

प्रति,
मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक राज्य

महोदय,

माझी आई निपाणीच्या तंबाखू वखारीत राबली. पन्नाशीत तिच्या उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला सूज आली. दवाखान्यात गेलं की एकच उत्तर : वय झालं, वजन कमी करा, या गोळ्या घ्या. अशी तीन वर्षं गेली. तोवर तळव्याची कमान पार बसली, टाच बाहेर कलली. चपलेची आतली कड आधी झिजायची आणि आम्ही चांभाराला नावं ठेवायचो.

शेवटी बेळगावात एका डॉक्टरांनी तिला भिंतीला हात टेकवून एकाच पायाच्या चवड्यावर उभं राहायला सांगितलं. टाच उचललीच नाही. कमान तोलून धरणारा टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा पट्टा, निकामी झाला होता. पाऊल लवचीक असेतो बुटातला आधार, व्यायाम, फार तर टेंडन बदलून टाचेचं हाड सरकवणं, एवढ्यावर भागतं. ते ताठरलं की सांधे जोडणंच उरतं. आईचे घोट्याखालचे तीन सांधे स्क्रू घालून कायमचे जोडले. ट्रिपल आर्थ्रोडेसिस म्हणतात त्याला. दुखणं गेलं, खोटं कशाला बोलू? पण पाऊल आता आत-बाहेर वळत नाही, शेताच्या बांधावरून तिला चालवत नाही. आणि घोट्याच्या सांध्यावर ताण वाढून पुढं तोही झिजू शकतो.

ऑपरेशननंतर दीड-दोन महिने पाय टेकायचा नव्हता. मिश्रीही बंद, कारण निकोटीननं हाड नीट जुळत नाही. हे सगळं कन्नड-इंग्रजी कागदावर होतं. आईला वाचता येतं ते मराठीच. मी घरी होते म्हणून कळलं, नाहीतर दुसऱ्या दिवशी मिश्रीची डबी उघडली असती.

२०२३ साली महाराष्ट्रानं सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी आरोग्य योजना जाहीर केली, तेव्हा दोन्ही राज्यांत केवढा वाद झाला! त्यात मला पडायचं नाही. ऑपरेशनचा खर्च कुणीही द्या. मी त्याआधीच्या तीन वर्षांबद्दल लिहितेय.

निपाणी, खानापूर, चिकोडीच्या सरकारी दवाखान्यांत घोटा दुखतो म्हणणाऱ्या प्रत्येकाची ही चवड्याची तपासणी व्हावी. तिला ना यंत्र लागतं, ना अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ. बुटातले आधार तिथंच मिळावेत आणि घरी पाठवताना सूचनांचा कागद मराठीतही द्यावा.

आईचा डावा पायही आता आत कलतोय. पुढच्या सोमवारी तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेणार आहे.

आपली,
निपाणीची एक रहिवासी