दरवाजा दाखवता, मग कोटही दाखवा

महोदय,

थंडी पडली की नागपूरच्या महाल भागात हेरिटेज वॉकवाल्यांची गर्दी दिसते. गांधी गेटखाली फोटो, मग भोसल्यांचा वाडा, शेवटी तर्री-पोहे. माझी तक्रार पोह्यांबद्दल नाही. गांधी गेट म्हणजे जुना जुम्मा दरवाजा. दरवाजा होता म्हणजे शहराभोवती तटाचा कोट होता. तो कुठून कुठे जायचा, हे मी गेलो त्या वॉकमध्ये कुणी सांगितलं नाही.

मी भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक होतो, त्यामुळे हद्दीची खोड जात नाही. मुलगी इटलीत असते. तिच्याकडे गेलो असताना लुक्का नावाच्या गावात चालत फेरी केली. तिथला कोट सोळाव्या-सतराव्या शतकातला, सव्वाचार किलोमीटरचा, अजून सलग उभा. वर झाडं, सायकली, बाकांवर गप्पा छाटणारे म्हातारे. त्या कोटाने वेढा कधी पाहिलाच नाही. तो कामी आला १८१२ मध्ये, सेर्किओ नदीच्या पुरात. वेशीचे दरवाजे लावून गावाने पाणी बाहेर थोपवलं.

पण मी थबकलो ते आतल्या एका लंबगोल चौकात. तिथे रोमन काळी खेळांचं प्रेक्षागार होतं. ते पडलं, दगड लोकांनी घरांना नेले, पुढे उरलेल्या भिंतींना टेकून घरं झाली. एकोणिसाव्या शतकात आतली बांधकामं काढून चौक मोकळा केला, तर घरांची रांग नेमकी त्याच जुन्या गोलाईत उभी! भिंत जाते, हद्द सहसा हलत नाही. आमच्या खात्यात हे कुणीही सांगेल.

आपला कोट गोंड राजा चांद सुलतान याच्या काळातला. लुक्काच्या कोटाने जे पाहिलं नाही ते याने पाहिलं: डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रज जुम्मा दरवाजावर चालून आले आणि आतल्या अरब शिपायांनी त्यांना परतवून लावलं. इतकं घडलेल्या जागेवर आज आपण हॉर्न वाजवत रिक्षा घालतो. घाला, त्याला इलाज नाही. पण निदान रेषा तरी कळू द्या. नगर भूमापनाचे नकाशे आणि त्याआधीचे जुने नकाशे एकावर एक ठेवले, तर महालातल्या काही गल्ल्यांची वाकडी वळणं आणि घरांच्या मागच्या भिंती कोटाच्याच अंगाने गेलेल्या सापडतील, असा माझा अंदाज आहे. ती रेषा जिथे जिथे रस्ता कापते, तिथे काळ्या दगडाची हातभर रुंद पट्टी बसवावी. सिमेंट रोड आपल्याकडे तसेही फोडून पुन्हा होतच असतात, त्यातच हे उरकेल. मग वॉक त्या पट्ट्यांवरून न्यावा, फेब्रुवारीच्या आत. पुढे ऊन कुणाला चालू देत नाही.

मोजणीला माणूस कमी पडला तर मी येईन. गुडघे कुरकुरतात, पण साखळीचं एक टोक धरता येतं.

— एक निवृत्त भूकरमापक, महाल, नागपूर