फोटो मागवा, पण तारखेसकट

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीत जुन्या चाळींचे फोटो मागवणारं आवाहन वाचलं. फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, असं त्यात म्हटलं आहे. तेवढं एक वाक्य बदलाल का?

आमची गिरगावातली चाळ पुनर्विकासाला निघाली, तेव्हा सगळ्या बिऱ्हाडांचे फोटो गोळा करून सालवार लावायचं ठरलं. संगणकाच्या नोकरीतून निवृत्त झालेला मीच, त्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं. डिजिटल कॅमेरा किंवा मोबाइल फोटोच्या फाइलीतच तारीख, वेळ वगैरे नोंदवून ठेवतो. एक्झिफ म्हणतात त्याला. १९९५ पासूनची पद्धत. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या पिलो या लायब्ररीने (म्हणजे आयत्या प्रोग्रामांच्या संचाने) ही नोंद वाचायची आणि फोटो त्या त्या सालाच्या फोल्डरमध्ये टाकायचा, एवढाच माझा प्रोग्राम.

पहिल्याच दिवशी फसलो. वरवर हाती लागलेली तारीख फाइल शेवटची बदलल्याची होती. फोटो काढल्याची तारीख आतल्या कप्प्यात, ३६८६७ क्रमांकाच्या नोंदीत असते आणि तो कप्पा वेगळा उघडावा लागतो. ते जमल्यावर दहीहंड्या आपापल्या सालात जाऊन बसल्या. एका काकांनी मात्र लग्न, बारसं, गणपती सगळं एकाच १ जानेवारीला उरकलं होतं. कॅमेऱ्याचं घड्याळ त्यांनी कधी लावलंच नव्हतं!

खरी पंचाईत झाली ती चाळीच्या ग्रुपवरून उतरवलेल्या फोटोंची. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, त्यात ही नोंद पुसली जाते. फाइलीच्या नावात तारीख दिसते खरी, पण ती फोटो काढल्याची नव्हे. तिच्यावर विसंबलो असतो, तर तळमजल्यावरचे आजोबा वारल्यानंतर तीन वर्षांनी सत्यनारायणाला बसलेले दिसले असते. असे शेकडो फोटो शेवटी म्हाताऱ्यांना विचारून लावले, आणि दोन म्हाताऱ्यांचं एका सालावर एकमत होईल तर शपथ.

तेव्हा फोटो ईमेलला जोडून मागवा. व्हॉट्सॲपच हवं असेल, तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, असं छापा. मग फाइल जशीच्या तशी पोचते. मात्र लोकेशन चालू ठेवून काढलेल्या फोटोत अक्षांश-रेखांशही असतात, त्यावरून घर सापडतं. म्हणून मूळ फाइल आपल्या संग्रहात ठेवावी आणि वेबसाइटवर टाकायच्या प्रतीतून ही माहिती काढून टाकावी. एक्झिफटूल ही पर्ल या प्रोग्रामिंगच्या भाषेतली मोफत लायब्ररी ते काम एका आज्ञेत करते.

आमच्या चाळीचे सहा फोटो ईमेलने पाठवत आहे. त्यातले दोन कृष्णधवल आहेत. त्यांच्या फाइलीत स्कॅन केल्याचा दिवस पडला आहे, तो धरू नये. खरी तारीख मागे पेन्सिलीने लिहिली आहे, म्हणून पाठीमागची बाजूही स्कॅन करून जोडली आहे.

आपला,
एक वाचक, गिरगाव, मुंबई