पेढा भरवतानाचा फोटो

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की एक मथळा ठरलेला असतो : 'अंधत्वावर मात करून मिळवले घवघवीत यश'. दोन वर्षांपूर्वी तो आमच्याही वाट्याला आला. दैनिक दुसरं होतं, शब्द हेच. खाली फोटो. मी लेकीला पेढा भरवते आहे, शेजारी तिचे बाबा. सासूबाईंनी ते कात्रण लॅमिनेट करून घेतलं. आता ते समोर आलं की मला कसंसंच होतं, कारण त्या दिवशी फोटोसाठी वेगळं काहीच केलं नव्हतं. सोळा वर्षांच्या त्या मुलीला मी रोजच भात कालवून देत होते. वेणी मी घालायची, सलवारीची नाडी मी बांधायची, पाळीच्या दिवसांतलं सगळंही मीच बघायची. मुलगी जन्मापासून पूर्ण अंध आहे, आणि याला मी माया समजत होते.

अकरावीसाठी पुण्यात एक वसतिगृह बघायला गेलो. तिथल्या बाईंनी टक्के विचारलेच नाहीत. "कपडे स्वतः धुतेस का? ताट वाढून घेता येतं? रात्री एकटी बाथरूमपर्यंत जाशील?" प्रश्न लेकीला होते, उत्तरं मी देत होते. तिसऱ्या प्रश्नाला त्यांनी मला हातानेच थांबवलं. लेक गप्प. परतीच्या एसटीत कराड येईपर्यंत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. अकरावी-बारावी गावातच केली.

शाळेला दोष द्यायचा तर तो आम्हालाही लागू आहे. नेहमीच्या शाळेत घातलं होतं, विशेष शिक्षक ठरलेल्या दिवशी यायचे. ब्रेल त्यांनी उत्तम शिकवलं. पण आले की धडा, स्वाध्याय, परीक्षेचा लेखनिक एवढंच. पी.टी.च्या तासाला ती वर्गात दप्तरं सांभाळत बसायची, सहलीला 'जबाबदारी कोण घेणार' म्हणून घरी, स्नेहसंमेलनात मात्र स्वागतगीताला पुढच्या रांगेत. बोर्डाच्या परीक्षेत तिला तासाला २० मिनिटं जादा मिळाली. घरी बुटाची नाडी बांधायला मी तिला एक मिनिटही देत नव्हते, रिक्षा दारात उभी असायची ना!

दादरची मुलींची अंध शाळा १९०० साली सुरू झालेली. तिथे ठेवा, असं तेव्हा एकाने सुचवलं होतं. सहा वर्षांच्या पोरीला दूर ठेवायला जीव झाला नाही, आणि त्याचा मला आजही पस्तावा नाही. पण वसतिगृहातली मुलं जे एकमेकांचं बघून, म्हणजे ऐकून आणि चाचपून, आपोआप शिकतात, ते घरात कुणीतरी मुद्दाम शिकवावं लागतं. आम्हाला हे कुणी सांगितलं नाही.

मग ओळखीतून एक निवृत्त शिक्षिका मिळाल्या, स्वतः पूर्ण अंध. पहिल्या दिवशी त्यांनी मलाच स्वयंपाकघराबाहेर बसवलं. मी दारातून बघत होते. गॅस बंद असतानाच पातेलं शेगडीवर ठेवायचं, हाताने चाचपून मधोमध आणायचं, सांडशी उजव्या हाताशी, आणि मगच लायटर. उकळीचा आवाज, दूध वर येतानाचा आवाज, कपात चहा ओतताना वर वर चढत जाणारा आवाज. हे मी चाळीस वर्षं ऐकत आले आणि कधी ऐकलंच नव्हतं. दुसऱ्या कपाला लेकीचं बोट पोळलं. मी धावले. बाई म्हणाल्या, "अहो, तिला नळ ठाऊक आहे. तुमचं बोट कधी भाजलं नाही का?"

खरं तर आपला स्वयंपाक निम्मा कानाने आणि हातानेच होतो. मोहरी तडतडली, कुकरची तिसरी शिट्टी झाली, भाकरीची कड हाताला लागली. ताटाचंही तसंच. बाई म्हणाल्या, इंग्रजी पुस्तकांत ताट घड्याळाच्या काट्यांवरून समजावतात, बाराला हे, तीनला ते. सासूबाई म्हणाल्या, "घड्याळ कशाला? मीठ वर मधोमध, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी, पुढ्यात भात." डावी-उजवी चुकवायची नाही, एवढाच नियम. घरात सगळ्यांत चांगल्या शिक्षिका सासूबाईच निघाल्या. 'जिथली वस्तू तिथे' म्हणून त्या मला वीस वर्षं बोलत होत्या, तेव्हा राग यायचा.

पैशांचं जरा अवघड गेलं. पट्टी घेऊन मोजलं तेव्हा कळलं, नव्या नोटांत १००ची १४२ मिलिमीटर लांब, २००ची १४६, ५००ची १५०. रुंदी तिन्हींची ६६. चार मिलिमीटरच्या फरकावर मुलीने दुकानात उभं राहायचं! कडेला उठावाच्या तिरक्या रेषा असतात, १००ला चार, ५००ला पाच, २००ला चारच पण मध्ये दोन गोल. नोट मळली की त्या बोटाला लागत नाहीत. रिझर्व्ह बँकेचं 'मनी' नावाचं अ‍ॅप २०२०पासून आहे, फोनच्या कॅमेऱ्यावरून ते नोट ओळखून सांगतं. पण भाजीवालीसमोर फोन कोण काढत बसणार? लेकीने स्वतःची पद्धत काढली. पाचशेची उभी घडी, दोनशेची आडवी, शंभर सरळ. सुटे घेताना कुठली नोट कुठली ते विचारायचं आणि तिथेच घडी घालायची.

सगळ्यांत मोठं भांडण पांढऱ्या काठीवरून झालं. तिचे बाबा म्हणाले, "काठी कशाला? मी आहे ना सोडायला." खरं कारण वेगळं होतं. काठी हातात आली की चार लोकांना लांबून कळतं, आणि उद्या स्थळं कशी येणार? लेक म्हणाली, "बाबा, मी खांबाला धडकले तर कळत नाही का?" त्यावर ते निरुत्तर. उजवं पाऊल पुढे तेव्हा काठीचं टोक डावीकडे, डावं पुढे तेव्हा उजवीकडे. ही लय पायात बसायला तीन महिने गेले. आता ती कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात एकटी जाते. फूटपाथवर दुचाक्या लावलेल्या असतात, त्यामुळे ती रस्त्याच्या कडेने चालते आणि मी खिडकीत उभी असते. हे लिहायला लाज कशाला? शेजारच्या एक काकू म्हणाल्याच, "आई असून पोरीला अशी सोडतेस?"

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात शाळांकडून मुलांचा शैक्षणिक आणि सामाजिक असा दोन्ही विकास अपेक्षिला आहे. पहिल्याचे गुण मिळतात, म्हणून तेवढाच होतो. माझी मागणी फार नाही. विशेष शिक्षकांच्या भेटीतला निदान एक तास पुस्तक बंद ठेवून काठी, नोटा, डबा, बटणं, रस्ता यांसाठी राखून ठेवावा, आणि तोही पहिलीपासून, दहावीनंतर नव्हे. मे महिन्यात तालुक्याच्या ठिकाणी आठ-दहा दिवसांचं शिबिर घ्यावं, आणि तिथे आईबापांनाही बसवावं. शिकायचं मुलांपेक्षा आम्हाला जास्त असतं. शिकवायला शक्यतो अंध व्यक्तीच हवी. डोळस माणसाचा हात मदतीला फार लवकर पुढे होतो.

जूनमध्ये लेक पुण्याला जाते आहे, त्याच वसतिगृहात. या वेळी उत्तरं तिने दिली. मी बाहेरच्या बाकावर होते.

एक विनंती आपल्यालाही. यंदा निकालाच्या दिवशी आपले बातमीदार अशा एखाद्या मुलाच्या घरी जातील. चहा येईलच. तो कुणी केला, तेवढं विचारायला त्यांना सांगावं.

आपली,
एक आई, कराड

(नाव छापू नये. लेकीने बजावलं आहे, "परत फोटोवाले नकोत.")