स्तोत्रे काटछाट न करता म्हटली जावीत

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

बायबलमधील स्तोत्रसंहिता हा ज्यू आणि ख्रिस्ती उपासनेचा समाईक ठेवा आहे. मात्र तिच्या १५० स्तोत्रांतील काही कटू भाग कॅथलिक उपासनेतून वगळला गेला आहे, हे अनेक भाविकांना ठाऊक नसते, म्हणून हे पत्र.

संत बेनेडिक्ट यांच्या सहाव्या शतकातील नियमावलीप्रमाणे मठवासी दर आठवड्याला सगळी स्तोत्रे म्हणत. पोप पॉल सहावे यांनी १९७० मध्ये मान्यता दिलेल्या नव्या दैनंदिन प्रार्थनाविधीत ती चार आठवड्यांवर विभागली गेली. त्याच वेळी ५८, ८३ व १०९ ही शापवाणीची तीन स्तोत्रे आणि इतर काही स्तोत्रांतील कठोर ओळी, त्या म्हणताना आजच्या माणसाचे मन अडखळते या कारणाने, गाळण्यात आल्या. वास्तविक येशूचा विश्वासघात करणाऱ्या यहूदाच्या जागी दुसरा प्रेषित निवडण्याच्या वेळी येशूचा शिष्य पेत्र याने आधार घेतला तो १०९व्या स्तोत्राचाच.

१३७वे स्तोत्र तर पाहण्यासारखे आहे. यरुशलेम पडले, ज्यू लोक बंदी करून बाबेलला (बॅबिलोनला) नेले गेले, आणि नदीकाठच्या झाडांवर वीणा टांगून रडत बसलेल्या त्या बंदिवानांना, ज्यांनी पकडून नेले तेच गाणे म्हणायला सांगत आहेत. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील चौथ्या रविवारच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेत, तीन वर्षांतून एकदा, हे प्रतिसाद स्तोत्र म्हणून येते. पण नऊपैकी सहाच वचने कानी पडतात. शत्रूची तान्ही मुले खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हणणारा शेवट गाळलेला असतो. ज्यू परंपरेत मात्र कामाच्या दिवशी जेवणानंतरच्या आभारप्रार्थनेपूर्वी हे स्तोत्र शेवटासकट म्हणण्याची प्रथा आहे. शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीदिवशी, त्याची जागा परतीचा आनंद गाणारे १२६वे स्तोत्र घेते.

ज्यू उपासनेतही गाळणे आहेच. मिसरमधील (इजिप्तमधील) गुलामगिरीतून झालेल्या सुटकेचा सण असलेल्या वल्हांडणाच्या शेवटच्या सहा दिवसांत हल्लेल, म्हणजे ११३ ते ११८ ही स्तुतिस्तोत्रे, अपुरी म्हटली जातात; पाठलाग करणारे मिसरी लोक समुद्रात बुडाले असता आपला आनंद पुरता व्यक्त करू नये, असे त्याचे एक प्रचलित कारण सांगितले जाते. तेथे कात्री लागते ती आपल्या आनंदाला, पीडिताच्या आक्रोशाला नव्हे, आणि हा भेद मला फार मोलाचा वाटतो.

१३७व्या स्तोत्राचा शेवट भयंकर आहे, हे मी नाकारत नाही. परंतु ती आज्ञा नाही. सर्वस्व लुटले गेलेला माणूस आपला सूड स्वतः न घेता देवापुढे बोलून टाकतो आहे. घरदार जळालेल्या, मुले गमावलेल्या माणसाच्या मनात हेच येते, आणि ते बोलायला मंदिरातच जागा नसेल तर त्याने ते कुठे बोलावे? जनाबाईने विठ्ठलाला दिलेल्या शिव्या आपण कीर्तनात आदराने ऐकतोच.

वाचनविधी बदलणे स्थानिक धर्मगुरूंच्या हाती नाही. तरी २०२७ च्या उपवासकाळात हे स्तोत्र पुन्हा येईल, तेव्हा त्यांनी प्रवचनात उरलेली तीन वचनेही वाचून दाखवावीत आणि त्यांवर मोकळेपणाने बोलावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, वसई