आता नाकाच्या भरवशावर नको

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

परवा शेजारच्या काकूंचा फोन आला होता. विरजण मागायला आल्या तेव्हा दारातच त्यांना गॅसचा वास आला. आत जाऊन बघतात तर दूध उतू जाऊन ज्योत विझलेली आणि गॅस तसाच चालू. तुम्ही दोघं बाहेरच्या खोलीत बातम्या लावून बसला होतात. आई, तू मला यातलं काही बोलली नाहीस. 'उगाच तिला कशाला घोर' असंच ना? काकूंवर रागावू नकोस, मीच त्यांना सांगून ठेवलंय. त्यांनी शेगडीचं बटण बंद केलं, खिडकी उघडली आणि पंख्याच्या बटणाला हातसुद्धा लावला नाही. शहाणी बाई.

दूध सगळ्यांच्याच घरी उतू जातं, त्याचं मला काही वाटलं नाही. वास दारापर्यंत पोचला आणि आत बसलेल्या तुम्हा दोघांना आला नाही, याची मात्र धास्ती बसली.

सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा असा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र रसायन अगदी थोडं मिसळतात, आपण ज्याला गॅसचा वास म्हणतो तो त्याचा. हवेत साधारण २ टक्के गॅस मिसळला की तो पेट घेऊ शकतो, आणि त्याच्या बऱ्याच आधी वास यावा अशा बेताने ते रसायन घातलेलं असतं. पण हा सगळा हिशोब धडधाकट नाकाचा. वयाबरोबर नाक मंदावतं, आणि डोळ्यांचा नंबर वाढल्यासारखं ते लक्षातही येत नाही. बाबा, कोविडनंतर तुमचं नाक पुरतं परत आलंच नाही. दिवाळीत फोडणी करपली तेव्हा मी बाहेरून ओरडले आणि तुम्ही ओट्यापाशीच उभे होतात. आईला तर बारमाही सर्दी. शिवाय एकाच वासात बराच वेळ बसलं की चांगल्या नाकालाही तो येईनासा होतो. गळती हळूहळू होत असली की घरातल्यांना शेवटी कळतं, बाहेरून येणाऱ्याला आधी.

म्हणून 'वास आला तर बघू' हे आता चालायचं नाही. वास येवो न येवो, आपण धोक्यात नसू अशी व्यवस्था लावायची. कान दोघांचेही शाबूत आहेत, तेव्हा नाकाचं काम कानांकडे देऊ.

सगळ्यात आधी माळ्यावरचा दुधाचा कुकर खाली येऊ दे. त्याच्या दुहेरी भिंतीत पाणी भरायचं, दूध तापलं की तो शिट्टी देतो आणि दूध उतू जात नाही. 'त्यात साय नीट धरत नाही' ही तुझी जुनी तक्रार मला पाठ आहे, आई. नसेना का धरत.

दुसरं, गॅस गळला की वाजणारा डिटेक्टर. बाबा, माझ्या स्वयंपाकघरातला डिटेक्टर छताजवळ आहे, त्याचा फोटो तुम्ही मागून घेतलात. तुमच्याकडे तसा लावायचा नाही! पुण्यात माझ्याकडे पाइपचा गॅस आहे, तो हवेपेक्षा हलका, वर जातो. मिरजेला तुमचा सिलिंडरचा. तो हवेपेक्षा जड, पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो आणि कोपऱ्यात, ओट्याखाली साचून राहतो. तुमचा डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवर हवा.

याच कारणासाठी मला आपल्या देवघराची काळजी वाटते. देव ओट्यासमोर, खाली पाटावर. समईची वात जमिनीपासून जेमतेम हातभर. म्हणजे गॅस गळलाच तर जिथे आधी येणार तिथेच आपण ज्योत लावतो. देव हलव असं मी म्हणत नाही, म्हटलं तरी तू ऐकणार नाहीस. पण पहाटे उठल्यावरचा क्रम बदल. आत्ता तू अंधारात आत शिरतेस आणि पहिला हात जातो ट्यूबच्या बटणाकडे. रात्रभर बंद असलेल्या खोलीत गॅस साचला असेल तर त्या बटणातली बारीकशी ठिणगीही पुरते. बाहेरच्या खोलीतला दिवा आदल्या रात्रीच चालू ठेवून निजा, त्या उजेडात आधी मागचं दार उघड, खिडकी उघड. चूळ भर, तोंड धू. मग ट्यूब, मग गॅस, मग समई. आणि नंदादीप रात्रभर ठेवायचाच असेल तर तो बाहेरच्या कोनाड्यात.

रेग्युलेटरचं मी तुम्हाला कितीदा सांगितलंय, पण पुन्हा लिहिते. शेगडीचं बटण बंद केलं म्हणजे गॅस बंद झाला असं नव्हे. रेग्युलेटर चालू असला की शेगडीपर्यंत नळीत गॅस भरलेलाच असतो. नळीला बारीकशी चीर गेलेली असो की बटणाचा कॉक सैल झालेला असो, तो रात्रभर झिरपत राहतो. रात्रीची शेवटची भांडी उतरली की रेग्युलेटर बंद. गावाला जाताना तर बंदच. सकाळी तो चालू करण्याआधी शेगडीची दोन्ही बटणं बंद आहेत ना, एवढं हाताने चाचपून बघायचं.

तुम्ही तो बंद करत नाही त्याचं खरं कारण मला ठाऊक आहे. ओट्याखालचं कपाट, त्याचं घट्ट बसणारं दार, आत मागे सरकवलेला सिलिंडर, बाबांची बोटं आखडलेली आणि आईचे गुडघे. बंद कपाटात सिलिंडर ठेवणं असंही वाईटच, गळलेला गॅस तिथेच कोंडून राहतो. तेव्हा ते दार आपण काढूनच टाकू. ओटा ओकाबोका दिसेल, दिसू दे. सिलिंडर पुढे घेऊ, म्हणजे बाबांना स्टुलावर बसून हात घालता येईल. सिलिंडर उभाच राहायला हवा. संपत आला की तो आडवा करून चार चहा जास्त काढायचे, ही बाबांची करामत आता बंद. आडव्या सिलिंडरमधून द्रवरूपातलाच गॅस रेग्युलेटरमध्ये शिरतो आणि ज्योत भडकू शकते. किती उरलाय ते बघायचं असेल तर ओल्या फडक्याने सिलिंडर पुसायचा, जिथपर्यंत गॅस आहे तिथपर्यंतचा भाग उशिरा वाळतो.

आता नळी. आई, नळीला तेलकट हात लागू नयेत म्हणून तू जुन्या परकराच्या कापडाचं चुण्या घातलेलं कव्हर शिवलंयस. शिवण सुरेख आहे. दिवाळीत मी ते वर सरकवून बघितलं, तर शेगडीच्या टोकाला नळीवर उंदराचे दात उमटलेले होते, चार टोचे, ओळीने. आत तारेची जाळी आहे म्हणून निभावलं. मी तेव्हाच बाबांना दाखवलं आणि बाबा म्हणाले, 'बघतो'. नळीवर कापड नको, प्लॅस्टिक नको, काहीही नको. ती उघडी दिसली पाहिजे. केशरी रंगाच्या सुरक्षा नळीची मुदत ५ वर्षं असते आणि वर्ष तिच्यावरच छापलेलं असतं. तुमच्या नळीवर २०१९ आहे. एजन्सीकडून नवी मागवा, त्यांच्याच माणसाकडून बसवून घ्या आणि पावती फायलीत लावा. दर ५ वर्षांनी एजन्सीचा माणूस येऊन सगळं जोडकाम तपासतो, ती तपासणीही करून घ्या. तेल कंपन्यांचा अपघात विमा असतो, तो वेळेला मागायचा तर ही कागदपत्रं लागतात.

सिलिंडर घेताना बाबा काटा मागतात, ते अगदी बरोबर. रिकाम्या टाकीचं वजन वरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवायचे. त्याच पट्ट्यांपैकी एकीवर आतल्या बाजूला एक अक्षर आणि वर्ष रंगवलेलं असतं, तेही बघत जा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी आणि डी पुढचे. टाकीची पुढची चाचणी त्या तिमाहीत व्हायला हवी असा त्याचा अर्थ. ती उलटून गेली असेल तर टाकी परत. सील तोडून रेग्युलेटर सिलिंडर आणणाऱ्याकडूनच लावून घ्या. तोंडाशी आतली रबरी वॉशर आहे ना ते तो बघेल, मग साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती. काडी ओढून बघणारे महाभाग अजून आहेत, तुम्ही त्यांतले नाही हे माझं नशीब. दोऱ्याने बांधलेली ती प्लॅस्टिकची टोपी कापून टाकू नका. गळती झाली तर रेग्युलेटर काढून तीच घट्ट बसवायची असते.

डिटेक्टर वाजला, किंवा कोणी म्हणालं वास येतोय, तर काय करायचं ते मी मोठ्या अक्षरात लिहून आणते, फ्रिजवर चिकटवू. थोडक्यात असं: समई आणि शेगडी जळत असेल तर विझवा, रेग्युलेटर बंद करा, दारं खिडक्या सताड उघडा आणि बाहेर पडा. विजेचं कुठलंही बटण दाबायचं नाही, चालू असलेलं बंदही करायचं नाही. बंद करतानाही ठिणगी उडते. एक्झॉस्ट तर नाहीच नाही. मोबाइल अंगणात गेल्यावर काढा आणि १९०६ लावा, गॅसगळतीसाठीचा तो नंबर चोवीस तास चालू असतो. काकूंना हाक मारा आणि आपल्या घराची बेल कोणाला वाजवू देऊ नका. रेग्युलेटर बंद करायला बाबांना दोन मिनिटं लागणार असतील तर तेही राहू दे, आधी बाहेर.

गॅस वाचवण्याबद्दल मी तुला काय सांगणार, आई! गॅसच्या जोडणीचा नंबर लागायला वर्षं जायची त्या काळात तू संसार मांडलास. डाळ भिजत घालणं, एका कुकरमध्ये तीन डबे, सगळी चिराचिरी झाल्यावरच गॅस पेटवणं, हे मी तुझ्याकडूनच उचललं. फक्त दोन गोष्टी. एक म्हणजे दोन कप चहाला मोठा बर्नर नको. भांड्याच्या बाहेर आलेली ज्योत फक्त दांडा तापवते, आणि मग तू पदराने भांडं उतरवतेस. तो पदर सिंथेटिक साडीचा असतो. चहा-साखरेचे डबे शेगडीच्या मागच्या फळीवर आहेत, त्यांच्यासाठी तू पेटत्या ज्योतीवरून हात घालतेस. ती फळी मी बाजूच्या भिंतीवर हलवणार आहे, विचारत नाहीये. दुसरं, उकळी आली की गॅस बारीक. मोठ्या आचेवर आमटी लवकर शिजत नाही, पाणी उकळत्या अंशावरच थांबतं, जास्तीची आच नुसती वाफ होऊन जाते. कुकरचंही तेच, पहिली शिट्टी झाली की बारीक.

पातेल्यांची बुडं हल्ली काळी पडतायत असं तू म्हणालीस. तो पातेल्यांचा दोष नाही. ज्योत निळी हवी. पिवळी, लांबट येत असेल तर बर्नरची भोकं बुजलीत, गॅस नीट जळत नाहीये आणि काजळी धरतेय. परवाचं दूध त्यात मुरलं असणारच. बाबा, हे काम तुमचं: थंड झाल्यावर बर्नर काढायचे, गरम पाण्यात भिजवून भोकं टाचणीने मोकळी करायची, पूर्ण वाळवून पुन्हा खाचेत नीट बसवायचे. साफ करूनही पिवळीच आली तर मेकॅनिक बोलवा, गॅस बाहेर येतो त्या बारीक तोंडात, जेटमध्ये, तार घालू नका.

नीट न जळणाऱ्या गॅसवरून आठवलं. दादा बाथरूममध्ये गॅस गिझर बसवायचं म्हणतोय. त्याला माझा ठाम विरोध आहे. आपलं बाथरूम म्हणजे वर एवढीशी झडप. हवा कमी पडली की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, माणूस आंघोळ करता करता शुद्ध हरपतो. दादाशी मी बोलते. तुम्ही फक्त 'हो' म्हणून बसू नका.

शेगडीही नवी घेऊ. ज्योत विझली की गॅस आपोआप तोडणारी मिळते. ज्योतीत एक बारीक कांडी असते, ती गार पडली की आतली झडप बंद होते. पेटवताना बटण काही सेकंद दाबून धरावं लागतं, सवय होईल. त्यामुळे बाकीच्या गोष्टी मात्र सुटत नाहीत. रेग्युलेटर रात्री बंदच.

मी शनिवारी कोयना एक्स्प्रेसने येते आहे. रविवारी सकाळी सुताराला बोलावून ठेवा, कपाटाचं दार आणि फळी एकाच वेळी होऊन जाईल. नळीसाठी बाबांनी सोमवारची वाट न बघता उद्याच एजन्सीत जावं, आणि तोवर ते फुलाफुलांचं कव्हर उतरवून ठेवावं.

तुमची,
वसू

ता. क. दुधाचा कुकर काढायला आईने स्टुलावर चढू नये. मी आल्यावर काढते.